ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच काम सुरू होतं. मागच्या वर्षीचे कटऑफ उघडायचे, आपल्या मुलाचे पर्सेंटाइल त्यांच्याशी ताडून बघायचे आणि वरून खाली कॉलेजांची यादी करत जायचं. आधी सीओईपी आणि व्हीजेटीआय, मग पुण्या-मुंबईतली नावाजलेली खासगी कॉलेजं, मग नाशिक, सांगली, संभाजीनगर. कुणी शंभर पर्याय भरतं, कुणी दीडशे. काही क्लासवाले तर तयार यादीच हातात देतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, म्हणून या दिवसांत बरेच पालक आपली यादी घेऊन माझ्याकडे येतात. ती फार कष्टानं केलेली असते. प्लेसमेंटचा आकडा, घरापासूनचं अंतर, होस्टेलची फी, मेसची सोय, सगळे रकाने नीट भरलेले असतात. ज्याला तिथं चार वर्षं काढायची आहेत त्याला तिथं का जायचंय, याचा रकाना मात्र मला अजून कुठल्या यादीत दिसलेला नाही.

आज त्या रकान्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय.

आधी या फॉर्मचीच एक गोष्ट सांगते, कारण तिथंच बहुतेक घरांत गफलत होते. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, जागा गुणवत्तेच्या क्रमानं दिल्या जातात. तुमच्या मुलाचा नंबर आला की त्याच्या यादीतला पहिला पर्याय शिल्लक आहे का ते पाहिलं जातं, नसेल तर दुसरा, मग तिसरा. याचा अर्थ, वर एखादा अवघड पर्याय लिहिला म्हणून खालचा पर्याय हातचा जात नाही. आणि एखाद्या कॉलेजचा कटऑफ जास्त आहे एवढ्याच कारणानं ते वर लिहिण्याचीही काही गरज नसते. फॉर्म तुम्हाला पसंतीचा क्रम विचारतो आहे. आपण त्यात कटऑफचा क्रम भरतो. म्हणजे इतर हजारो घरांनी मागच्या वर्षी काय निवडलं, तेच आपण आपल्या मुलाची पसंती म्हणून लिहून देतो. शिवाय पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. त्यामुळे सगळ्यात वरच्या ओळीत काय लिहायचं, याला फार वजन आहे.

मुलाला विचारून बघा, "तुला कॉम्प्युटरच का हवंय?" पहिलं उत्तर बहुधा "स्कोप आहे" असं येतं. ते त्याचं नसतं, हवेतलं असतं. मग येतं, "सगळे तेच घेतायत." इथपर्यंत आपण पालक खूश असतो आणि विषय संपवतो. कृपा करून तिथं संपवू नका. गप्प बसा. मुलांना शांतता सहन होत नाही, ती बोलू लागतात. कुणी सांगतं, मित्र तिकडे चाललेत म्हणून. कुणी सांगतं, घरापासून लांब राहायचंय. आणि एखादा हळूच म्हणतो, "मला खरं तर काहीच ठरवता येत नाहीये." हे शेवटचं उत्तर ऐकून घाबरू नका, रागावू तर मुळीच नका. सतरा-अठराव्या वर्षी ते अगदी प्रामाणिक उत्तर आहे, आणि त्याच्यापासून पुढं बोलता येतं. "स्कोप आहे" पासून पुढं काही बोलता येत नाही.

कारण एवढं महत्त्वाचं का, याबद्दल एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत वेस्ट पॉइंट नावाची लष्करी अकादमी आहे. तिथं दाखल होणाऱ्या तरुणांना सुरुवातीलाच विचारलं जातं की तुम्ही इथं का आलात. एमी रेझनेस्की, बॅरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा हजारांहून अधिक कॅडेटांची ही उत्तरं घेतली आणि त्यांची पुढची कारकीर्द अनेक वर्षं तपासली. अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मनापासून अधिकारी व्हायचं होतं ते शिक्षण पुरं करून अधिकारी होण्यात, लवकर बढतीच्या विचारात येण्यात आणि सक्तीची सेवा संपल्यावरही टिकून राहण्यात पुढं होते. यात नवल नाही. नवल पुढं आहे. ज्यांना अधिकारीही व्हायचं होतं आणि त्याच्या जोडीला चांगली नोकरी, प्रतिष्ठा अशी बाहेरची कारणंही तितकीच जोरात होती, ते नुसत्या आतल्या कारणानं आलेल्यांपेक्षा मागं पडले. आपल्याला वाटतं, जितकी जास्त कारणं तितका मुलगा जास्त नेटानं अभ्यास करील. म्हणून त्याला एखादी गोष्ट आवडते म्हटलं की आपण लगेच वर पॅकेज चढवतो, शेजाऱ्याच्या मुलाचं उदाहरण चढवतो, आत्याच्या जावयाचं अमेरिकेतलं घर चढवतो. या भारानं त्याचं स्वतःचं कारण दबून जातं.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात पैशाचा विचार केल्याशिवाय कसं चालेल? नाहीच चालणार. आणि इथं मला जपून बोलायचंय, कारण पैशासाठी शिकणं हलकं असं मी कधीच म्हणणार नाही. बाबांवर सोसायटीचं कर्ज आहे, धाकटा भाऊ शिकतोय, म्हणून चार वर्षांत कमावतं व्हायचंय असं एखादी मुलगी सांगते तेव्हा ते तिचं स्वतःचं कारण असतं. तिनं ते पाहिलेलं, सोसलेलं, ठरवलेलं असतं. रोचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या प्रेरणेवर आयुष्यभर काम केलं. त्यांनीही हाच फरक दाखवला. लाजेपोटी किंवा कुणी नाराज होईल या भीतीनं गिळलेलं कारण वेगळं, आणि बाहेरून आलेलं असलं तरी विचार करून आपलंसं केलेलं कारण वेगळं. पहिल्या प्रकारची मुलं मी पाहते. दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहतात आणि ती घरी सांगत नाहीत. कर्जाचा विचार करून आलेल्या त्या मुलीचेही विषय राहतात, पण ती पुन्हा बसते, कारण ती कुणासाठी आणि कशासाठी तिथं आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं.

आता स्कोपचं. तुम्ही आज जी भरती पाहून ब्रँच निवडता, तिच्यात तुमचा मुलगा नसणार. तो चार वर्षांनी बाहेर पडेल. थोड्याच वर्षांपूर्वी मेकॅनिकल म्हणजे सदाबहार ब्रँच होती, मग अनेक कॉलेजांत मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं एका ब्रँचमध्ये किती जागा ठेवायच्या यावरची कमाल मर्यादा उठवली, आणि कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या जागा वाढवल्या. म्हणजे आज तुमच्या मुलाबरोबर त्याच ब्रँचला मागच्यापेक्षा जास्त मुलं शिरताहेत आणि ती सगळी एकाच वेळी बाहेर पडणार आहेत. या गर्दीत जे काम त्याला एरवीही करावंसं वाटतं त्यातच तो तग धरेल, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची आई घरी लोणची-पापड करून विकते. बरणीतल्या लोणच्याला बुरशी का येते, आईनं तेल वाढवलं की का येत नाही, हे तो अकरावीपासून विचारायचा. घरच्या यादीत मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत कॉम्प्युटर आणि आयटी. त्याच्या वडिलांना अन्न तंत्रज्ञान नावाची पदवी असते हेच माहीत नव्हतं, मुंबईतल्या आयसीटीत ते शिकवतात हेही नव्हतं आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात त्याचं स्वतंत्र महाविद्यालय आहे हेही नव्हतं. कृषी अभ्यासक्रमांची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते, म्हणून अभियांत्रिकीच्या यादीत परभणीचं नाव येणारच नव्हतं. मुलाचं कारण ऐकलं नसतं तर त्यांनी ते शोधलंही नसतं. माझी विनंती एवढीच की कारण आधी ऐका, कॉलेजं नंतर शोधा.

या मुलाचं कारण किती छोटं होतं बघा. आजकाल मुलांवर एक नवं ओझं आलंय, प्रत्येकाला 'पॅशन' असलीच पाहिजे. परदेशी विद्यापीठांच्या अर्जात 'मी हे का शिकू इच्छितो' यावर निबंध मागतात, तर काही घरी तोही पैसे देऊन लिहून घेतात आणि त्यात लहानपणापासूनच्या ध्यासाच्या कहाण्या घालतात. ज्या मुलाचा असा ध्यास नाही त्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. काही कमी नाही. गणितात आकडेमोडीपेक्षा भूमिती बरी वाटते, लोकांशी बोलायला आवडतं, एका जागी बसून काम करणं नको वाटतं, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

वैद्यकीयच्या पालकांना दोन शब्द, कारण तिथं मुलांची वर्षंच्या वर्षं जातात. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुलं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या पुढं. लातूरला खोली घेऊन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा रिपीट करणाऱ्या मुलांपैकी कितीजणांनी एखादा पूर्ण दिवस दवाखान्यात काढलाय? रिपीटचा निर्णय घेण्याआधी ओळखीच्या डॉक्टरांना विनंती करून मुलाला एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवा. रांग, रडणारी पोरं, जखमा, वास, दमलेले नातेवाईक, सगळं पाहू द्या. परत येऊन तो म्हणाला की हेच करायचंय, तर द्या त्याला आणखी एक वर्ष, खुशाल द्या. आणि त्याला पांढरा कोटच आवडत होता असं लक्षात आलं, तर सूक्ष्मजीवशास्त्र आहे, फिजिओथेरपी आहे, नर्सिंग आहे. पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेत मूलभूत विज्ञान शिकता येतं, तिची प्रवेश परीक्षा वेगळी आहे.

तुमच्याही मनात कारणं असतात आणि ती लपवू नयेत असं मला वाटतं. बाबा स्वतः डिप्लोमावर थांबले, आईला बारावीनंतर शिकू दिलं नाही, हे मुलाला माहीत असू द्या. पण 'हे माझं राहिलेलं आहे' असं म्हणून सांगा, म्हणजे तो ते तुमचं म्हणून ऐकेल. फीचं तर अगदी स्पष्ट सांगा. घरातून किती देता येतील, किती कर्ज काढावं लागेल, हप्ता किती बसेल, हा आकडा कागदावर मांडून मुलांसमोर ठेवा. आकडा कळला की मुलं आपणहून समजूतदार निर्णय घेतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

मुलींच्या पालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. २०२४-२५ पासून राज्य शासन वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरतं. त्यासाठी प्रवेश कॅपमधून व्हायला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. त्यामुळे 'मुलीसाठी एवढी फी कशाला' हा विचार निदान या घरांत तरी उरू नये. आणि मुलाच्या यादीत राज्यभरची कॉलेजं, मुलीच्या यादीत मात्र बसनं रोज जाऊन-येऊन करता येतील तेवढीच, असं असेल तर तिची पसंती कुणीच विचारलेली नाही हे मान्य करा. भीती असेल तर होस्टेल बघून या, रेक्टरांना भेटा, पण पर्याय फॉर्मवर राहू द्या.

फॉर्म लॉक करण्याआधी यादीतल्या पहिल्या दोन-तीन कॉलेजांत एकदा जाऊन याच, प्रवासाचा खर्च झाला तरी. मोबाईलवर दिसणाऱ्या फोटोंवरून काही कळत नाही. प्रयोगशाळा उघडी असेल तर मुलाला आत डोकावू द्या, तिसऱ्या वर्षाची मुलं भेटली तर त्यांच्याशी त्याला एकट्याला बोलू द्या. तुम्ही बरोबर उभे राहिलात तर ती मुलं "सगळं छान आहे, काका" एवढंच सांगतील. तेवढ्या वेळात तुम्ही ऑफिसात जाऊन फीचे हप्ते करून मिळतात का आणि पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलायचे त्यांच्याकडचे नियम काय आहेत, ते विचारून घ्या.