बहिरे मूल आणि त्याचे घर

मूल दीड-दोन वर्षांचे होऊन बोलू लागले, म्हणजे त्यास भाषा आली असे आपण समजतो. वास्तविक भाषा त्याजकडे जन्मापासूनच येत असते. आईची अंगाई, आजीची हाक, भावंडांचे भांडण हे सर्व ते मूल ऐकून साठवीत असते, आणि त्या साठ्यातून मागाहून शब्द बाहेर पडतात. ज्या मुलास ऐकू येत नाही त्याचा हा साठा होत नाही. आणि ही उणीव डोळ्यांस दिसत नसल्यामुळे तिचा शोध फार उशिरा लागतो. अशा मुलाच्या घरास आपण शेजाऱ्यांनी कोणते साहाय्य करावे, हा ह्या पाठाचा विषय आहे.

पहिली गोष्ट ही की, वाट पाहात बसू नये. इंदुरी हे इंद्रायणीकाठचे, तळेगाव-चाकण रस्त्यावरचे गाव घ्या, किंवा मावळातील दुसरे कोणतेही घ्या. मूल बोलत नाही असे आई म्हणाली की, “ह्याचा मामाही चार वर्षांनी बोलू लागला,” असे कोणीतरी तिला सांगतेच. दुसरा कोणी मुलाच्या पाठीमागे थाळी वाजवितो. मूल वळते, आणि सर्वांचे समाधान होते. परंतु थाळीच्या परीक्षेवर विसंबू नये. पुष्कळ मुलांस मोठा आवाज ऐकू येतो, पण बोललेले शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत. कित्येक मुले हलणाऱ्या सावलीने किंवा जमिनीच्या हादऱ्याने वळतात. खरी परीक्षा यंत्राने होते. ‘बेरा’ नावाच्या तपासणीत मूल झोपलेले असताना डोक्यास तारा चिकटवून कानाची नस आवाजास उत्तर देते की नाही हे पाहतात. तिने मुलास काही इजा होत नाही. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपायास आरंभ, असा क्रम ह्या शास्त्राचे जाणते लोक सांगतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोन वेळा तपासणी करावयाची असते. आईस शंका असेल तर ती त्या वैद्यांपुढे निःसंकोच सांगावी, आणि त्या दिवसाचीही वाट न पाहता आशाताईंच्या साहाय्याने मोठ्या रुग्णालयात जावे.

दुसरी गोष्ट, आईस दोष लावू नये. ग्रहणात तिने विळी हातात घेतली, म्हणून मूल असे झाले, असे बोलणारी माणसे अजून आहेत. ह्या बोलण्यास काहीच आधार नाही. जन्मतः येणाऱ्या बहिरेपणाचा मोठा भाग आनुवंशिक असतो. त्यातही बहुधा आई व बाप ह्या दोघांकडून एकेक दडलेला अंश मुलाकडे येतो, आणि त्या दोघांस स्वतः उत्तम ऐकू येत असते. म्हणून एकट्या सुनेकडे बोट दाखविणे अन्यायाचे आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या घराण्यांत आहे, तेथे असे अंश एकत्र येण्याचा संभव वाढतो, हे मात्र लग्ने जुळविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गरोदरपणी आईस झालेला रुबेला, बाळाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, वाहता कान आणि काही तीव्र औषधे हीही कारणे आहेत. बालपणीच्या श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोगे आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात व पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. ती चुकवू नये. वाहत्या कानात तेल घालू नये.

तिसरी गोष्ट, यंत्र मिळाले म्हणजे काम संपले असे नव्हे. चष्मा लावताच अक्षर दिसते, तसे श्रवणयंत्राचे नाही. मुलास आवाज ओळखण्यास महिने लागतात, कान वाढतो तसतसा कानातला साचा वरचेवर नवा करावा लागतो, बॅटरी संपते. ज्या मुलांस यंत्राने भागत नाही त्यांपैकी काहींच्या कानात शस्त्रक्रियेने कॉक्लियर इम्प्लांट बसवितात. त्यानंतरही कित्येक वर्षे शिक्षण द्यावे लागते. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ह्याच कार्याकरिता आहे, आणि गरजू मुलांस साधने देण्याची सरकारी योजनाही आहे. पण प्रत्येक फेरीस एका माणसाची मजुरी बुडते आणि घरी राहिलेल्या भावंडांस कोणी सांभाळीत नाही. अशा घरी जाऊन, “मंगळवारी मुलांस आमच्याकडे ठेवा, आणि तुमच्याबरोबर तळेगाव स्थानकापर्यंत आमचा मुलगा येईल,” असे म्हणणारा शेजारी मोठे साहाय्य करितो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मुलास आवाजाची उणीव असते हे खरे, पण त्याहून मोठी हानी भाषेवाचून होते. सन १८८० मध्ये इटलीतील मिलान शहरी भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने, बहिऱ्या मुलांस केवळ तोंडी बोलण्याने शिकवावे, असे ठरविले. त्यामुळे अनेक देशांतील शाळांतून हातांच्या खुणा हद्दपार झाल्या. कॅनडात व्हँकूव्हर येथे २०१० साली भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने ते ठराव नाकारले व झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. खुणा केल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती निराधार आहे. भारतीय सांकेतिक भाषेस स्वतःचे व्याकरण आहे. २०२१ साली तिच्या कोशात दहा हजार शब्द झाले, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने ती माध्यमिक परीक्षेचा विषय केली. मूल यंत्राने बोलावयास शिको अथवा हातांनी, अगदी प्रथमपासून त्याच्याशी कोणत्या तरी पूर्ण भाषेत व्यवहार झाला पाहिजे.

हे घरी शिकवावयाचे तर आईबापांसच प्रथम शिकविले पाहिजे. अमेरिकेत लॉस अँजेलिस येथे लुईझ ट्रेसी ह्या बाईंनी, ज्यांचा मुलगा जॉन बहिरा होता, १९४२ साली मुलांबरोबर आईबापांकरिताही एक केंद्र काढले, आणि दूरच्या घरांस टपालाने विनामूल्य पाठ पाठविण्याची सोय केली. त्या केंद्राचा भर तोंडी बोलण्यावर होता. परंतु आई हीच पहिली शिक्षिका, आणि तिला एकटी सोडू नये, हे त्याचे तत्त्व दोन्ही पद्धतींस लागू पडते. आपल्याकडे मुंबईत १८८५ सालीच बहिऱ्या मुलांची शाळा निघाली होती. तरी शाळेत जाण्यापूर्वीची पाच-सहा वर्षे घरीच जातात.

कायद्याचेही थोडे जाणून घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये, ठरलेल्या प्रमाणाइतके दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. त्याकरिता दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज भरून देणे, हे लिहिता-वाचता येणाऱ्या आपल्या उपदेशक बंधूंस सहज करता येण्याजोगे काम आहे.

आता ह्या आठवड्यात करावयाच्या गोष्टी सांगतो. अशा घरी जा, आणि सल्ला देण्यापूर्वी त्या आईचे ऐकून घ्या. मुलास ‘मुका’ म्हणून हाक मारू नका. त्याच्या नावाची जी खूण घरात ठरली असेल ती शिकून घ्या, आणि पाणी, भाकरी, ये, थांब, दुखते, अशा आणखी दहा खुणा गल्लीतील मुलांस शिकवा. बोलताना उजेडात, त्याच्यासमोर बसून बोला. रस्त्यावर त्याच्याबरोबर एखादे मोठे मूल असू द्या. चाकणकडे जाणाऱ्या मालमोटारींचा भोंगा त्यास ऐकू येत नाही. घरात सर्व हसत असता ते मूल आईच्या तोंडाकडे पाहू लागले, तर “काही नाही” असे म्हणून त्यास गप्प करू नका; कशाचे हसू आले ते त्यास पुन्हा सांगा, मग त्यास दोन मिनिटे अधिक लागली तरी चालेल.