ई-कॅडहेरिनचा प्रतिपिंड आणि हळदीची हिरवी चमक

आमच्या परिचयाच्या एका औषधनिर्मात्यांनी मध्यंतरी एका प्रयोगशाळेचा अहवाल आमच्यापुढे ठेवला. हळदीचा अर्क दिलेल्या कर्करोगपेशींचे छायाचित्र त्यात होते आणि सर्व पेशी हिरव्या रंगाने उजळल्या होत्या. अर्कामुळे ई-कॅडहेरिन वाढले, असा निष्कर्ष खाली नोंदविला होता. ‘कर्करोगाचा प्रसार रोखणारे घनसत्त्व’ या मथळ्याचे पत्रक छापखान्यात जाण्याच्या बेतात होते. असा अहवाल वैद्यांनी व निर्मात्यांनी कसा वाचावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

ई-कॅडहेरिन हे त्वचा, आतडी, स्तननलिका इत्यादींच्या आवरणपेशींना परस्परांशी जोडून ठेवणारे प्रथिन होय. कॅल्शियम असेल तरच ते आपले कार्य करते. क्योटो येथील मासातोशी ताकेइची यांच्या प्रयोगशाळेने १९८४ मध्ये या प्रथिनास चिकटणारा ईसीसीडी-१ नावाचा मोनोक्लोनल प्रतिपिंड प्रसिद्ध केला. तो घालताच एकमेकींना बिलगलेल्या पेशी सुटू लागल्या व त्यांना जोडणारे प्रथिन कोणते, हे स्पष्ट झाले. श्लिष् धातूची आठवण झाल्याने यास श्लेषक कफ म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. आम्हांस ते समीकरण मान्य नाही. श्लेषक कफाचे स्थान संधी सांगितले आहे. येथे साम्य केवळ शब्दार्थाचे आहे.

रोगनिदानात या प्रथिनाचे महत्त्व मोठे आहे. स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ते बहुधा नाहीसे होते, डक्टल कर्करोगात बहुधा टिकून राहते. म्हणून विकृतितज्ज्ञ ऊतीच्या कापावर याच जातीचे प्रतिपिंड वापरतात. याचे जनुक सदोष असल्यास जठराचा एक कर्करोग घराण्यात उतरतो, हे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून सिद्ध झाले.

आता मूळ छायाचित्राकडे वळू. प्रतिपिंड स्वतः डोळ्यांस दिसत नाही. तो प्रथिनाच्या एका लहानशा भागास चिकटतो, त्यावर रंगद्रव्य जोडलेला दुसरा प्रतिपिंड बसवितात आणि निळा प्रकाश टाकला की ते रंगद्रव्य हिरवे चमकते. मेख येथेच आहे. हळदीतील कुर्क्युमिनही निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवे चमकते! ते पेशींत शिरून राहिले, तर प्रतिपिंड चिकटला किंवा न चिकटला तरी चित्र हिरवेच येणार.

छायाचित्रातच याची एक खूण होती. ई-कॅडहेरिनची खरी चमक मुख्यतः दोन पेशी जेथे भिडतात त्या कडेवर, जाळीसारखी दिसते. येथे तर पेशीचे अंतरंग सगळे भरून गेले होते. शिवाय वापरलेल्या पेशी एमडीए-एमबी-२३१ जातीच्या होत्या. त्या ई-कॅडहेरिन जवळपास बनवीतच नाहीत. अशा पेशींत ते पुन्हा प्रकटले असे म्हणावयाचे, तर पुरावाही तितकाच भक्कम हवा.

आम्ही निर्मात्यांस दोनच गोष्टी मागावयास सांगितल्या. पहिली, अर्क दिलेल्या पण प्रतिपिंड मुळीच न घातलेल्या पेशींचे छायाचित्र. दुसरी, वेस्टर्न ब्लॉट. यात प्रथिने वजनानुसार वेगळी होतात आणि ई-कॅडहेरिनची पट्टी सुमारे १२० किलोडाल्टनपाशी यावी लागते. शेजारी एमसीएफ-७ पेशींचा नमुना हवा, कारण त्यांत हे प्रथिन भरपूर असते. तेथे पट्टी उमटली तरच प्रतिपिंड नीट चालतो असे मानावे. कॅडहेरिन कुळातील इतर प्रथिनांशी पुष्कळ साधर्म्य असल्याने भलत्याच प्रथिनास प्रतिपिंड चिकटण्याचा धोका असतोच.

प्रयोगशाळेने प्रथम थोडी कुरकुर केली. मग चाचणी झाली. प्रतिपिंडाविना पेशी तितक्याच हिरव्या दिसल्या. ब्लॉटवर एमसीएफ-७ ची पट्टी ठळक उमटली आणि अर्क दिलेल्या पेशींच्या रकान्यात काहीही नव्हते.

पट्टी आली असती, तरीही पत्रक छापता आले नसते. त्या प्रतिपिंडाच्या कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेले होते, आणि बशीतील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. कर्करोगावरील औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्याने निषिद्ध आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असूनही पत्रके निघतात. या निर्मात्यांनी मजकूर छापखान्यातून परत मागविला. घनसत्त्व ते आजही विकतात. वेष्टनावर पाठातील गुणकर्म तेवढे आहे.