घाटे अळीच्या शरीरात कीटकनाशकाचे काय होते?

हरभऱ्यावरील घाटे अळी व कपाशीवरील अमेरिकन बोंडअळी ही एकाच किडीची, हेलिकोव्हर्पा आर्मिजेराची, नावे आहेत. फवारणीनंतरही ती जिवंत आढळल्यास औषध बनावट असल्याची शंका घेतली जाते. पुष्कळदा कारण अळीच्या शरीरातच असते.

शरीरात प्रवेश
स्पर्शजन्य कीटकनाशक अळीच्या त्वचेवरील मेणचट थरात विरघळून आत झिरपते. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड गटातील औषधे स्निग्ध पदार्थांत सहज विरघळत असल्याने त्यांना हा मार्ग सुकर असतो. पोटविष मात्र अळीने फवारलेला भाग खाल्ल्यावरच आतड्यात पोहोचते. एचएनपीव्ही विषाणूही याच मार्गाने कार्य करतो. घाट्यात डोके खुपसून दाणे खाणारी मोठी अळी पानावरील पोटविष खात नाही. म्हणून ते तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

शरीरात विघटन
आत शिरलेले औषध मज्जासंस्थेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अळीतील विकरे, म्हणजेच एन्झाइम, त्याचे विघटन सुरू करतात. एस्टरेज विकरे पायरेथ्रॉइडचा रेणू तोडतात. सायटोक्रोम पी-४५० विकरे त्याचे ऑक्सिडीकरण करतात व तो शरीराबाहेर टाकणे सुलभ होते. इन्डोक्झाकार्बबाबत उलट घडते: अळीतील विकरेच त्याचे अधिक विषारी रूप तयार करतात.

अळी मोठी होते तसे तिचे वजन आणि विघटनाची क्षमता दोन्ही वाढतात. लहान अळीस पुरेशी ठरणारी मात्रा मोठ्या अळीस अपुरी पडते. एकाच गटातील औषध वारंवार फवारल्यास प्रभावी विकरे असलेल्या अळ्याच वाचतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते. १९८७ मध्ये आंध्र प्रदेशातील कापूस पट्ट्यात पायरेथ्रॉइड निष्प्रभ ठरली, त्यामागे अशी प्रतिकारक्षमता होती.

शेतकऱ्यांनी काय करावे?
• हरभऱ्यात प्रति मीटर ओळीत १ ते २ अळ्या आढळताच, त्या लहान असतानाच फवारणी करावी.
• पुढील फवारणीसाठी केवळ व्यापारी नाव न बदलता गट बदलावा. सायपरमेथ्रीननंतर डेल्टामेथ्रीन हा बदल नव्हे. दोन्ही पायरेथ्रॉइडच आहेत.
• एचएनपीव्ही सायंकाळी फवारावा. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी तो निष्क्रिय होतो.
• अळी मरत नाही म्हणून मात्रा वाढवू नये व मनाने मिश्रणे करू नयेत.

अनेक कीटकनाशके माणसाच्या त्वचेतूनही शरीरात शिरतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण अंग झाकणारे कपडे वापरूनच फवारणी करावी.