लढायला अठरा, प्यायला एकवीस

अमेरिकेत १७ वर्षांच्या मुलाला आईबापांनी संमती दिली तर फौजेत भरती होता येते. १८ पूर्ण झाली की कुणाची संमती लागत नाही. मुलींनाही हाच नियम. भरती झालेल्या पोराला बंदूक चालवायला शिकवतात, रणगाड्यावर बसवतात, वेळ आली की लढाईवरही धाडतात. तोच पोरगा रजेवर घरी आला आणि दुकानात बिअर मागू लागला, तर दुकानदार आधी जन्मतारीख विचारतो. २१ पूर्ण नसतील तर बाटली मिळत नाही. अंगावर गणवेश असो, छातीवर पदक असो, उत्तर तेच.

ऐकून कुणीही म्हणेल, हा कुठला न्याय? देशासाठी मरायला मोठा आणि पेलाभर बिअरला लहान? अमेरिकेतही लोक हेच म्हणत आले आहेत. तेव्हा हा कायदा कसा झाला ते आपण समजून घेऊ.

पूर्वी तिथे माणूस २१ व्या वर्षी सज्ञान झाला असे धरीत. १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, सक्तीच्या भरतीचे वय १८ वर आणले. तेव्हापासून लोक म्हणू लागले की जो लढायला चालतो तो मत द्यायला का चालू नये? व्हिएतनामच्या लढाईत ही मागणी फारच वाढली. अखेर १९७१ साली राज्यघटना दुरुस्त करून १८ वर्षांच्या माणसाला मत दिले. मत आले, मग दारू का नको? त्या सुमारास निम्म्याहून अधिक राज्यांनी दारूचे वयही खाली उतरवले. कुणी १८ केले, कुणी १९.

पुढे झाले असे की रस्त्यांवर तरुण पोरे मरू लागली. तिकडे घरोघरी मोटारी. एका राज्यात वय २१, शेजारच्या राज्यात १८. मग काय, शनिवारी संध्याकाळी मोटार काढायची, सीमा ओलांडायची, प्यायचे आणि मध्यरात्री तशीच मोटार हाकत परत यायचे. अशा सीमांना लोक ‘रक्ताच्या सीमा’ म्हणू लागले. मेलेल्या मुलांच्या आया एकत्र आल्या, त्यांनी संघटना काढली, सरकारला जाब विचारला.

पण अडचण होती. आपल्याप्रमाणे तिथेही दारू हा राज्यांचा विषय. केंद्राने थेट हुकूम कसा द्यायचा? त्यांनी पैशाची वाट धरली. १७ जुलै १९८४ रोजी अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. जे राज्य दारू विकत घेण्याचे वय २१ करणार नाही, त्याच्या रस्त्यांच्या अनुदानातून पैसे कापायचे. १०० डॉलर मिळणार असतील तर पहिल्या वर्षी ५ कमी, पुढे दर वर्षी १० कमी. (आता हा आकडा ८ आहे.) साउथ डकोटा नावाचे राज्य कोर्टात गेले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. १९८८ पर्यंत सगळी राज्ये २१ वर आली. पैसा कापला जातो म्हटल्यावर तत्त्व किती दिवस टिकणार!

आता फौजेकडे वळू. फौजेची छावणी ही केंद्राची जागा. तिथे वय किती धरायचे हे फौजच ठरवीत असे. त्यामुळे फाटकाबाहेर २१ आणि आत १८, असेही चाले. पोरगा आत पिऊन मोटार घेऊन बाहेर पडला, तर रस्ता तोच आणि झाडही तेच. म्हणून १९८५ साली तिथल्या संसदेने कायदा केला की ज्या राज्यात छावणी, त्या राज्याचे वय छावणीत.

या कायद्यात दोन सवलती ठेवल्या आहेत, आणि माझ्या मते खरी समज त्या सवलतींतच दिसते.

पहिली सवलत सीमेची. छावणी मेक्सिको किंवा कॅनडाच्या हद्दीपासून ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत असेल, तर पलीकडचे कमी वय छावणीत लागू करता येते. टेक्सासमधल्या एल पासो शहराला लागून फोर्ट ब्लिस ही मोठी छावणी आहे. तिथून नदीवरचा पूल ओलांडला की मेक्सिकोचे हुआरेझ शहर, आणि मेक्सिकोत वय १८. शिपाई पलीकडे जाऊन पिणार आणि रात्री झोकांड्या खात परत येणार. त्यापेक्षा आतच, अधिकाऱ्यांच्या नजरेखाली प्यालेला बरा. मात्र ही मुभा आहे, सक्ती नाही.

दुसरी सवलत खास प्रसंगाची. सगळी तुकडी मिळून छावणीच्या आवारात काही फौजी प्रसंग साजरा करीत असेल, जसे की कठीण कामगिरीवरून परत येणे किंवा पलटणीचा वाढदिवस, तर तिथला प्रमुख अधिकारी तेवढ्यापुरती सूट देऊ शकतो. पण पिऊन कुणी मोटार चालवणार नाही, दंगा होणार नाही, ही जबाबदारी त्याच्या शिरावर. मरीन म्हणजे जहाजांवरून किनाऱ्यावर उतरून लढणारी फौज. तिने २००७ साली १८ ते २० च्या जवानांसाठी अशी सूट आपल्या नियमांत घातली.

देशाबाहेरच्या छावण्यांत किमान वय १८. पण यजमान देशाचा कायदा कडक असेल तर तोच पाळायचा. जपानात वय २० आहे, तर तिथल्या अमेरिकी शिपायालाही २०. आणि जिथे खरी लढाई, तिथे? १९९० साली अमेरिकेची फौज सौदी अरबस्तानात उतरली तेव्हा सेनापतींनी हुकूम काढला की कुणीही दारूला शिवायचे नाही. जनरल असो की शिपाई, ५० वर्षांचा असो की १९ चा. पुढे इराक आणि अफगाणिस्तानातही असेच हुकूम होते. म्हणजे ‘मरायला मोठा, प्यायला लहान’ हे बोलणे कानाला लागते खरे, पण मरणाच्या जागी कुणालाच मिळत नव्हती.

ब्रिटिश आरमाराची गोष्ट याहून जुनी. तिथे खलाशांना रोज सरकारी रम मिळे. ही चाल ३१ जुलै १९७० ला बंद झाली. पण २० वर्षांखालच्या पोरांच्या नावापुढे ‘वय कमी’ असा शेरा असे, आणि त्यांना रम मिळत नसे. तोफेवर मात्र ती उभी राहत.

मला वाटते, बंदुकीची आणि बाटलीची तुलना करताना लोक एक गोष्ट विसरतात. शिपायाच्या हाती बंदूक देतात ती हवालदाराच्या देखरेखीखाली. काम संपले की ती मोजून कोतात जमा होते. बाहेरच्या दुकानातली बाटली कोण मोजतो? असे असले तरी, ज्याने सोबतीला डोळ्यांदेखत पडताना पाहिले, त्या २० वर्षांच्या पोराला घरी आल्यावर ‘तू अजून लहान आहेस’ असे सांगणे मला तरी जमणार नाही. लपून प्यालेला सापडला तर त्याचा हुद्दा उतरतो, पगार कापला जातो.

आपल्या राज्यातही फौज आणि दारू हा वाद कोर्टात गेला आहे. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला, पण लष्कराच्या मेस आणि कँटीन यांना सूट ठेवली. नागरिकाला बंदी आणि शिपायाला सूट, हा भेदभाव नाही का, असा प्रश्न निघाला. मुंबई उच्च न्यायालयाला तो भेदभाव वाटला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र सूट योग्य ठरवली. फौजेची राहणी निराळी, तिचे नियम अनुभवातून आलेले, तिची कामे जोखमीची, म्हणून तिचा विचार वेगळा करता येतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

हा वाद वयाचा नव्हता. वयाचे म्हणाल तर आज महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षे लागतात, गोव्यात १८. अग्निवीर म्हणून भरती साडेसतराव्या वर्षापासून होते. आणि बांदा सोडून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा लागतो, चार चाकांवर काही मिनिटांत.