अभ्यासपाठ : गादीवरची बाई आणि घरातली माय



आजवरच्या पाठांत आपण वह्या कशा लिहायच्या, परतफेड कशी मोजायची, बँकेत काय विचारायचं हे शिकलो. आजच्या पाठाला वही लागणार नाही. आजचा विषय असा : पद हाती असलेल्या बाईकडून लोक काय मागतात, आणि त्याच वेळी तिच्या चुलीकडे बोट कसं दाखवतात.

आधी एक घडलेली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, ओळखणाऱ्या ओळखतील. एका गटाच्या अध्यक्ष ताई. सोयाबीन काढणीचे दिवस. गटाच्या कर्जाच्या कागदांवर सह्या करायला बँकेनं बोलावलेलं, आणि नेमका त्याच सकाळी लेकराला ताप. सासूजवळ लेकरू ठेवून, गोळी देऊन ताई बँकेत गेल्या. दुपारी परत आल्या तोवर गल्लीत बोलणं पसरलं होतं : "लेकरू फणफणायलंय अन् ही बँकेत मिरवायली." पुढच्या महिन्यात नणंदेच्या बाळंतपणाला दवाखान्यात थांबल्या, म्हणून बैठक चुकली. तर त्याच तोंडांनी म्हटलं, "जमत नसंल तर पद सोडावं की." त्या माझ्याजवळ येऊन रडल्या. म्हणाल्या, "ताई, गेले तरी चुकले, थांबले तरी चुकले. करावं काय?" त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. चहा केला, एवढंच.

नंतर एकदा औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले. आपल्यातल्या बहुतेक जणींनी ते देऊळ पाहिलेलं आहे. खाली काळ्या दगडाचं कोरीव हेमाडपंती काम, अन् वरचा भाग वेगळाच, नंतरच्या काळचा. तो जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला असं आपल्याकडे सांगतात. तिथं उभी असताना मनात आलं, ही बाई तर लाखो लोकांची मालकीण होती. तिच्या घराबद्दल लोक काय बोलले असतील?

वाचायला घेतलं. आता तेच तुम्हाला सांगते.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडी गावचा. हे गाव जामखेड तालुक्यात, आता ज्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात तिथं. लहानपणीच मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव याच्याशी लग्न झालं. मालेराव आणि मुक्ताबाई अशी दोन लेकरं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाईंचं वय तेव्हा तिशीच्याही आत. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या, आणि सासऱ्यांनी अडवलं. मला आता तूच मुलगा, कारभार तूच बघायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे अडवणं नुसतं मायेचं नव्हतं, पुढे खरंच काम हाती दिलं. मल्हारराव मोहिमेवर असायचे आणि मागचा सगळा कारभार सुनेकडे. १७६५ सालचं त्यांचं एक पत्र आहे. त्यात सुनेला लिहिलंय, चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तोफखाना सोबत ठेव, दारूगोळ्याची तजवीज कर. सासऱ्याचं सुनेला पत्र, अन् त्यात सैपाकाचा शब्द नाही! शिकवणारं माणूस घरातच होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. सासू गौतमाबाईही साध्या नव्हत्या. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

१७६६ साली मल्हारराव गेले. नातू मालेराव गादीवर बसला. आता पाठाचा खरा भाग सुरू होतो.

मालेरावचं वागणं ठीक नव्हतं. आई दानधर्म करायची आणि हा त्याच ब्राह्मणांना द्यायच्या कपड्यांत, जोड्यांत विंचू टाकायचा, असं लिहून ठेवलंय. हे लिहिणारा माणूस म्हणजे सर जॉन माल्कम. माळव्यात इंग्रजांचा अंमल बसल्यावर तो तिथला मोठा अधिकारी होता. अहिल्याबाईंना डोळ्यांनी पाहिलेली माणसं तेव्हा जिवंत होती. त्यांना विचारून त्यानं लिहिलं, आणि १८२३ साली त्याचं पुस्तक निघालं. तो सांगतो, मालेरावनं संशयावरून एका भरतकाम करणाऱ्या निरपराध माणसाला मारलं, आणि मग पश्चात्तापानं त्याचं डोकं फिरलं. लोक म्हणायचे, मेलेल्याचं भूत लागलं. आई रात्रंदिवस त्याच्या अंथरुणाशी बसून राहिली, रडत, त्या भुताला विनवत. वर्षही पुरं झालं नव्हतं, १७६७ साली मुलगा गेला.

आता लोकांनी या आईचं काय केलं बघा.

एक बोलणं असं उठलं की अहिल्याबाईंनी गादीसाठी पोटच्या पोराला मारलं. हे इतकं पसरलं होतं की माल्कमला पन्नास वर्षांनंतर मुद्दाम चौकशी करावी लागली. त्याला त्यात काही तथ्य सापडलं नाही.

दुसरी गोष्ट तर आजही भाषणांत ऐकू येते, तुम्हीही ऐकली असेल. मालेरावच्या रथाखाली इंदुरात गाईचं वासरू मेलं. राणीनं न्याय दिला, मुलाला तसंच रथाखाली घाला. कुणी रथ हाकायला तयार होईना म्हणून स्वतः हाकायला बसली. तर तीच गाय आडवी आली आणि मुलगा वाचला. गोष्ट छान आहे, टाळ्या पडतात. पण त्या काळच्या कागदात तिला आधार नाही, ती दंतकथा आहे.

मला राहून राहून वाटतं, या दोन गोष्टी दिसायला उलट्या, पण विणल्यात एकाच सुतानं. एकीत बाई सत्तेसाठी मुलाला मारते म्हणून वाईट, दुसरीत न्यायासाठी मुलाला मारायला निघते म्हणून थोर. दोन्हीत आई मात्र गायब! अंथरुणाशी रडत बसलेली जी खरी आई होती, तिची गोष्ट कुणी सांगत नाही. कारण त्यात निंदाही होत नाही अन् जयजयकारही होत नाही. मल्हाररावांनी खंडेरावाला असं रथाखाली घालावं, अशी गोष्ट कुणी रचली नाही. पुरुषाला राज्य चालवलं की पुरतं, बाईनं मात्र काळीज काढून दाखवायचं.

मुलगा गेल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सल्ला दिला की एखादं लहान मूल दत्तक घ्या, तुम्हाला खर्चाला नेमणूक मिळेल, कारभार आम्ही बघू. राघोबादादांनाही त्यांनी बाजूनं घेतलं. ऐकायला हे काळजीचं बोलणं आहे. बाई, तुझ्यावर केवढं दुःख कोसळलं, आता देवधर्म कर. आपल्याकडेही असंच असतं ना? विधवा झालेल्या बाईला "आता गटाचा व्याप कशाला" म्हणणारे आधी पाणी घेऊन येतात, मग पेटीची किल्ली मागतात.

अहिल्याबाई नाही म्हणाल्या. मी एका वारसाची बायको आणि दुसऱ्याची आई, तेव्हा पुढे कुणाला बसवायचं हे ठरवण्याचा हक्क माझाच, असं त्यांचं म्हणणं. राघोबादादांनाही निरोप धाडला की बाईशी लढून तुम्हाला कीर्ती मिळायची नाही, नाचक्की मात्र होईल. माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. तायांनो, जे घर दाखवून लोक त्यांना मागे सारत होते, तेच घर त्यांनी हक्क म्हणून पुढे केलं.

पुढे जवळजवळ २८ वर्षं, १३ ऑगस्ट १७९५ ला मरेपर्यंत, त्यांनी महेश्वरहून राज्य चालवलं. फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे दिलं, मुलकी कारभार आणि हिशेब स्वतःकडे. सगळं आपणच करायचा हट्ट धरला नाही. तुकोजी वयानं मोठे, तरी त्यांना आई म्हणत. माल्कमनं दिवसाचा क्रमही दिलाय : पहाटेच्या आधी उठणं, पूजा, दान, जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत दरबार. मग पुन्हा पूजा, थोडं खाणं. रात्री नऊला परत कामाला बसायचं ते अकरापर्यंत. पडदा पाळत नसत, तक्रारदाराला स्वतः भेटत. वाचून आपल्यातल्या कित्येकींना वाटेल, यात नवल काय, हळदीच्या दिवसांत आपलंही असंच असतं! खरं आहे. फरक एवढाच की त्यांचा क्रम कुणीतरी लिहून ठेवला.

आता गौतमाबाईंची गोष्ट. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी त्यांच्या नावानं वेगळं उत्पन्न लावून दिलं होतं. त्याला खासगी म्हणत, आणि राज्याचा जो महसूल त्याला दौलत. गौतमाबाईंच्या मागे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ, इतक्या ठिकाणची देवळं, घाट, धर्मशाळा त्यांनी बांधल्या, तो धर्माचा पैसा मुख्यत्वे या खासगीतला. दौलतीचा हिशेब वेगळा. फौजेला पैसा हवा म्हणून तुकोजींशी कुरबुरी झाल्या, पण दोन थैल्या एक होऊ दिल्या नाहीत. गटाची पेटी घरी ठेवणाऱ्या प्रत्येक कोषाध्यक्ष ताईनं हा परिच्छेद दोनदा वाचावा. घरात पाहुणे आले, किराणा आणायचाय, दोनशे रुपये पेटीतून घेऊ अन् उद्या टाकू, हे जे मनात येतं ना, तिथं खासगी आणि दौलत आठवा.

सगळं चांगलंच झालं असं मात्र नाही. मुक्ताबाईंचा एकुलता मुलगा तरुणपणी गेला. मग १७९१ साली नवरा यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. आईनं पाया पडून विनवलं. लेकीचं म्हणणं असं की तू म्हातारी झालीस, तू गेल्यावर मी कुणासाठी जगू? आई चितेपर्यंत चालत गेली. दोघा ब्राह्मणांनी तिचे दंड धरून ठेवले होते. नंतर तीन दिवस ती जेवली नाही, फारसं बोललीही नाही.

इथं मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. सदतीस वर्षांपूर्वी चितेकडे निघालेल्या आईला सासऱ्यानं परत फिरवलं ते काम दाखवून. लेकीला दाखवायला तसं काही नव्हतं. हे माझं मत आहे, कुठं लिहिलेलं नाही. पण लोक म्हणतात, पदामुळे बाईचं घर मोडतं. या घरात तर पदामुळे एक बाई जगली.

हे फक्त आपल्याच देशात होतं असंही नाही. इंग्लंडची राणी एलिझाबेथ १९५२ साली गादीवर आली, तेव्हा पंचवीस वर्षांची. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी दीडच्या आसपास. पुढच्याच वर्षी लेकरांना आजीजवळ ठेवून सहा महिन्यांच्या दौऱ्यावर गेली, तर पुढे जन्मभर ऐकावं लागलं की ही आई थंड काळजाची. मग १९९७ साली पूर्वीची सून डायना अपघातात गेली. तेव्हा राणी पंधरा आणि बारा वर्षांच्या नातवांना घेऊन गावाकडच्या वाड्यात थांबली. तर वर्तमानपत्रांनी झोड उठवली, राणी कुठाय, लोकांत का येत नाही? पाचव्या दिवशी तिला लंडनला येऊन टीव्हीवर बोलावं लागलं. गेली तरी चुकली, थांबली तरी चुकली. आमच्या अध्यक्ष ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तिलाबी गल्ली होती म्हणा की!"

मग आम्ही दोघींनी बसून त्यांच्या गटापुरतं काही ठरवलं, ते तुमच्याही उपयोगाचं आहे. बैठक दुपारी ठेवायच्या ऐवजी रात्री जेवणं उरकल्यावर, अन् काढणीच्या महिन्यात तर तारीखच पुढे. बँकेत सह्यांना जायचं त्या दिवशी जिच्या घरी लेकरू किंवा म्हातारं आजारी आहे, तिच्या घरी गटातली दुसरी बाई थांबणार. आणि अध्यक्ष बैठकीला आली नाही तर कारण वहीत लिहायचं, जसं कुणाही सदस्याचं लिहितो तसं. मागे तिची चर्चा करायची नाही.

पुढच्या बैठकीत हा पाठ वाचून झाल्यावर एवढं बोला. आपल्या सरपंच ताईंना, अध्यक्षांना गेल्या वर्षभरात आपण स्वतः काय बोललो? तेच काम करणाऱ्या बाप्या माणसाला "लेकरं कुणाकडं ठेवून आलात" असं कधी विचारलं का? ३१ मे ला अहिल्यादेवींच्या फोटोला हार घालताना आपण रथाची गोष्ट सांगतो, अंथरुणाशी बसलेल्या आईची का सांगत नाही? अन् शेवटचं : त्या दिवशी अध्यक्ष ताई बँकेत होत्या तेव्हा तापलेल्या लेकराच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत त्यांची सासू बसली होती. कर्ज मंजूर झालं, ठरावात सगळ्यांची नावं आली. सासूचं आलं नव्हतं. पुढच्या बैठकीत ते लिहून घेतलंय, सहीच्या जागी अंगठा आहे.