परिचर्या-विद्यालयातून वॉर्डाकडे

परिचर्येच्या अभ्यासक्रमाला प्रवेश कसा मिळवावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पदविका हाती आल्यावर पहिल्या नोकरीत काय घडते, हे सांगणारे मात्र विरळा. विद्यार्थी मित्रांनो, प्रस्तुत पाठात त्याचाच विचार करावयाचा आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाचे परिचर्या-विद्यालय १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाले. त्या परंपरेत विद्यार्थिनी वॉर्डातच काम करीत शिकत असे. पुढे हे शिक्षण महाविद्यालयांतही गेले. भारतात १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. ज्ञानाची खोली वाढली, तसे वर्ग आणि वॉर्ड यांतील अंतरही वाढले.

या अंतराचा अभ्यास अमेरिकेतील मार्लिन क्रेमर यांनी केला. १९७४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नव्या परिचारिकेच्या अनुभवाला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ हे नाव दिले. आरंभी उत्साह, मग धक्का व निराशा, त्यानंतर हळूहळू सावरणे, असा त्याचा क्रम असतो. कारण उघड आहे. शिकताना एकेका रुग्णाची सविस्तर योजना लिहावयास वेळ मिळतो. नोकरीत एकाचे सलाईन संपत आलेले असते, दुसरा शस्त्रक्रियेहून परतलेला असतो, तिसऱ्याचे नातेवाईक हाका मारीत असतात. आधी कोणाकडे जावे, हे ठरविणे हीच खरी परीक्षा होय.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या वाटचालीच्या पाच पायऱ्या मांडल्या : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, निपुण आणि तज्ज्ञ. सक्षम होण्यास एकाच प्रकारच्या कामात साधारणतः दोन-तीन वर्षे लागतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणून पहिल्या सहा महिन्यांतील मंद गतीवरून आपली पात्रता ठरवू नये.

काही गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. महाराष्ट्रात काम करण्यापूर्वी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी. नियुक्तिपत्रातील वेतन, कामाचे तास व बंधपत्राच्या अटी वाचूनच सही करावी. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीस दाखवावीत, पण प्रती देऊन मूळ कागद आपल्याजवळच ठेवावेत. औषध देताना रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग व वेळ या पाचही बाबी तपासाव्यात. तोंडी सूचना मिळाल्यास ती पुन्हा उच्चारून खात्री करून घ्यावी. दिलेले औषध लगेच नोंदवावे. ड्यूटी बदलताना प्रत्येक रुग्णाची स्थिती व अपुरे राहिलेले काम पुढच्या सिस्टरला स्पष्ट सांगावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट विचारण्याची आहे. ज्यांच्या घरी नोकरीचा पगार प्रथमच येणार असतो, त्यांना प्रश्न विचारण्याची भीती अधिक वाटते. आपले अज्ञान उघडे पडेल, कोणी आपल्या शिक्षणालाच नावे ठेवील, अशी शंका मनात असते. परंतु वॉर्डात गप्प राहण्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. सलाईनमध्ये मिसळूनच द्यावयाचे पोटॅशियम क्लोराईडचे तीव्र द्रावण थेट शिरेत दिले, तर हृदय बंद पडू शकते. “मला हे ठाऊक नाही, एकदा दाखवाल का?” एवढे एक वाक्य तेथे प्राण वाचविते. जी नवी परिचारिका ते निःसंकोचपणे उच्चारते, तिच्या हाती रुग्ण सुरक्षित असतो.