मत्स्यपेटीतील पाणी बदलणे व खडीची स्वच्छता

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची आवड आता शहरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. गावातील शाळा, दुकाने व घरे येथेही अशा पेट्या दिसू लागल्या आहेत. सन २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाचा अंतर्भाव करण्यात आल्याने जोडधंदा म्हणूनही ह्या विषयाला महत्त्व आले आहे. परंतु नवशिक्या माणसाचे पुष्कळसे मासे रोगाने न मरता चुकीच्या सफाईने मरतात. पेटी मळकट दिसताच सर्व पाणी ओतून टाकावयाचे, खडी घासून उन्हात वाळवावयाची व नळाचे ताजे पाणी भरावयाचे, अशी त्याची रीत असते. पाणी आरशासारखे दिसते. पण काही दिवसांतच मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. असे का घडते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

खडीचे खरे कार्य

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेले खाद्य कुजून, पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना विषारी असतो. अमोनियम सल्फेट खत जमिनीत टाकल्यावर जमिनीतील जीवाणू त्याचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात, हे शेतकऱ्यांना परिचित आहे. पेटीतही नेमके हेच घडते. खडीच्या कणांवर व गाळणीच्या स्पंजावर राहणारे जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य आहे. नव्या पेटीत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात. खडी साबणाने धुतली किंवा उन्हात वाळविली म्हणजे हे जीवाणू नष्ट होतात आणि जुनी पेटी पुन्हा नवी, म्हणजेच धोक्याची, होते.

पाणी का व किती बदलावे

पेटीतील पाणी आटले की वरून भर घालण्याचा प्रघात आहे. तेवढ्याने भागत नाही. वाफ होऊन पाणी जाते, क्षार मात्र मागे राहतात. निचरा नसलेल्या जमिनीस पाणी देत राहिल्याने ती जशी क्षारपड होते, तशीच स्थिती पेटीचीही होते. नायट्रेटही साचत जाते. म्हणून काही पाणी बाहेर काढणे अवश्य आहे. पाणी बदलणे हाच पेटीचा निचरा होय.

आठवड्यातून एकदा सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत ५४ लिटर पाणी मावते. खडी व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर उरते. तीतून दर आठवड्यास ११ लिटर काढणे पुरेसे आहे.

नव्या पाण्याची तयारी

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर घातलेली असते. तिच्यातील क्लोरीन मासे व जीवाणू ह्या दोघांनाही घातक आहे. असे पाणी रुंद तोंडाच्या उघड्या भांड्यात २४ तास ठेवावे व अधूनमधून ढवळावे. विंधन विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून तेही रात्रभर उघडे ठेवून, ढवळूनच वापरावे. नव्या व जुन्या पाण्याच्या तापमानात १ ते २ अंशांहून अधिक फरक नसावा.

शेतकरी कुटुंबांनी एक दक्षता विशेषेकरून घ्यावी. फवारणीसाठी वापरलेली बादली, मग किंवा नळी मत्स्यपेटीस कधीही लावू नये, आणि फवारणीचे हात पेटीत घालू नयेत. अनेक कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही माशांचा नाश करतात.

खडी साफ करण्याची रीत

मासे बाहेर काढण्याची गरज नाही. प्रथम पंप व हीटर ह्यांचा वीजपुरवठा बंद करावा. सुमारे दीड मीटर लांबीच्या पारदर्शक नळीच्या टोकास, बूड कापलेली लहान प्लॅस्टिकची बाटली तोंडाकडून घट्ट बसवावी. नळी पाण्याने भरून मोकळे टोक अंगठ्याने बंद करावे, बाटलीचे टोक पेटीत बुडवावे व दुसरे टोक खाली ठेवलेल्या बादलीत सोडावे. पाणी तोंडाने ओढू नये.

बाटली खडीत तळापर्यंत खुपसावी. खडी आत गरगर फिरते व हलका गाळ पाण्याबरोबर निघून जातो. खडी वर चढू लागल्यास नळी क्षणभर चिमटीत धरावी. खडी आपोआप खाली बसते. मग बाटली उचलून शेजारच्या जागी खुपसावी. एका वेळी तळाचा निम्मा भागच साफ करावा. उरलेला पुढील आठवड्यास घ्यावा. ठरविलेले ११ लिटर पाणी निघाले की खडी राहिली असली तरी काम थांबवावे. गाळणीचा स्पंज त्याच दिवशी धुऊ नये. तो वेगळ्या आठवड्यात, पेटीतून काढलेल्या पाण्यातच, हलके पिळून धुवावा. शेवटी नवे पाणी सावकाश ओतून पंप सुरू करावा.

चूक घडल्यास

सर्व खडी धुतली गेली असल्यास घाबरून पुन्हा सर्व पाणी ओतू नये. दोन दिवस खाद्य बंद ठेवावे, हवेचा पंप अखंड चालू ठेवावा व एक चतुर्थांश पाणी दररोज बदलावे. मासे धापा टाकण्याचे थांबल्यावर खाद्य थोडे थोडे सुरू करावे.

काढलेल्या पाण्याचा उपयोग

गढूळ पाण्यात नायट्रेट असल्यामुळे ते परसातील भाजीपाल्यास द्यावे. औषध किंवा मीठ घातलेले पाणी मात्र पिकास देऊ नये. पेटीतील पाणी अथवा नको असलेले मासे ओढा, विहीर किंवा तलाव ह्यांत सोडू नयेत. परदेशी मासे व रोग ह्यांचा त्यामुळे प्रसार होतो.

ग्रामसेवकांनी शाळेतील पेटीवर ह्या रीतीचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. शेतकरी जमिनीचा कस राखून मशागत करतो. मत्स्यपेटीची सफाईही त्याच धोरणाने, घाण काढून पण खडीतील जीव राखून, केली पाहिजे.